नारिंगी ओढे आणि त्यांची राखण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरपट्ट्यात गावकऱ्यांच्या पुढाकाराने पाणलोट सुधारणा झाली असे सांगितले जाते, ती प्रत्यक्षात कशी चालते, तिच्यातून गावाला खरोखर रोजगार मिळतो का, आणि चंद्रपूर भागात पाणलोटाचे काम करणाऱ्या आपल्यासारख्या कार्यकर्त्याने दोन आठवड्यांच्या अभ्यासदौऱ्यात तिथे नेमके काय पाहावे. मी गेली अठरा वर्षे आग्नेय ओहायो आणि उत्तर वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात, बंद खाणींतून झिरपणाऱ्या पाण्यावर काम करतो आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी पाणलोट या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे पाणलोट म्हटले की समतल चर, माती नाला बांध, गॅबियन (जाळीत दगड भरून केलेला बांध) आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे डोळ्यांसमोर येते, कारण आपली अडचण पाणी टिकत नाही ही आहे. अ‍ॅपलाचियात पाऊस बाराही महिने पडतो आणि ओढे सहसा आटत नाहीत. तिथे पाणी जिरणे हेच दुखणे आहे, कारण ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पोखरून सोडलेल्या खाणींत जिरते आणि तिथून नासून बाहेर येते. कोळशाच्या थरात आणि त्याच्या आसपासच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग, असते. जमिनीखाली बंदिस्त असेपर्यंत त्याचा कोणाला उपद्रव होत नाही. पण खाणकामामुळे त्याला हवा आणि पाणी मिळाले की सल्फ्युरिक आम्ल तयार होते, आणि ते आम्ल खडकातले लोह, अ‍ॅल्युमिनियम आणि मँगनीज विरघळवून आपल्याबरोबर बाहेर आणते. खाणीच्या तोंडातून निघताना हे पाणी पुष्कळदा काचेसारखे नितळ असते, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. हवेशी गाठ पडून थोडे अंतर वाहिले की विरघळलेले लोह साकळू लागते आणि ओढ्याच्या तळावर नारिंगी साय धरते. तिथले लोक तिला 'यलो बॉय' म्हणतात. निरोगी ओढ्यातला दगड उचलून उलटा केला तर खाली मेफ्लायच्या चपट्या अळ्या लगबगीने सरपटताना दिसतात. नारिंगी ओढ्यातला दगड हाताला बुळबुळीत लागतो आणि त्याच्याखाली काहीही हलत नाही. किडे नाहीत म्हणून मासे नाहीत, मासे नाहीत म्हणून गळ टाकायला कोणी येत नाही, आणि हळूहळू गाव ओढ्याकडे पाठ करून राहू लागते.

हे पाणी कोणाचे, हा तिथला पहिला आणि सर्वांत कठीण प्रश्न. ३ ऑगस्ट १९७७ ही तारीख या क्षेत्रातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असते, कारण त्या दिवशी खाणकामानंतर जमीन पूर्ववत करण्याचे बंधन घालणारा संघराज्याचा कायदा झाला. त्याआधी सोडून दिलेल्या खाणींना धनीच उरलेला नाही. त्यांच्यासाठी चालू खाणींकडून दर टनामागे शुल्क घेऊन एक निधी उभारण्यात आला. सुरुवातीला ते उघड्या खाणीच्या कोळशावर ३५ सेंट आणि भूमिगत कोळशावर १५ सेंट होते. मात्र निधी असणे आणि तो आपल्या ओढ्यापर्यंत पोहोचणे यांत फार अंतर असते, कारण माणसांच्या जिवाला धोका असलेली कामे, म्हणजे उघडे पडलेले खाणमार्ग किंवा खचणारी जमीन, स्वाभाविकपणे आधी हाती घेतली जातात आणि मेलेला ओढा यादीत मागे पडतो. लोकांनी पुढाकार घेण्याचे खरे कारण हे आहे. वाट पाहिली असती तर त्यांच्या हयातीत त्यांच्या ओढ्याची पाळी आली नसती.

पुढाकार घ्यायचा म्हटला तरी वाटेत दोन धोंडी होत्या. एक म्हणजे, पाणी प्रदूषणाविरुद्धच्या १९७२ च्या कायद्याचा अर्थ असा लावला जाऊ शकत होता की, जो खाणीचे पाणी वळवून तलावात घेईल, तोच पुढे त्या पाण्याला कायमचा जबाबदार ठरेल. सद्‌हेतूने हात लावणाराच अडकेल या भीतीने कितीतरी गट जागच्या जागी बसून राहिले. पेनसिल्व्हेनियाने १९९९ मध्ये अशा स्वयंसेवकांना संरक्षण देणारा राज्यापुरता कायदा केला, आणि तिथे कामाने जो वेग घेतला त्यामागे या कायद्याचा वाटा मोठा आहे. दुसरी धोंड जमिनीची. वरची जमीन एकाची आणि खालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याच कोणाचा, ही तिथली सर्वसाधारण स्थिती आहे. त्यात वारसाहक्काने वाटे पडत गेलेली जमीन असेल तर आपल्याकडे सातबारावर पंचवीस नावे असतात तोच प्रकार. त्यातले निम्मे वारस कामासाठी दूरच्या शहरांत गेलेले. एका तलावाच्या जागेसाठी सह्या गोळा करण्यात माझी अख्खी दोन वर्षे गेली आहेत, आणि त्या सह्या मिळाल्या त्या माझ्या नकाशांमुळे नाही, तर गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने प्रत्येकाला स्वतः फोन केला म्हणून.

बाहेरच्या माणसावर तिथे सहजी विश्वास ठेवला जात नाही, आणि त्याला सबळ कारण आहे. वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीकच्या खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळशाच्या टाकाऊ मालाचा बांध फुटून १२५ माणसे मेली. सरकारी निरीक्षकाने चारच दिवसांपूर्वी तो बांध समाधानकारक ठरवला होता. अशा प्रदेशात सूट घातलेला तज्ज्ञ आराखड्याची गुंडाळी घेऊन येतो तेव्हा लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि घरी जातात.

ज्या कामाची मी नेहमी उदाहरण म्हणून आठवण काढतो ते ओहायोतल्या मंडे क्रीकचे. सुमारे २७ मैल लांबीचा हा ओढा हॉकिंग नदीला मिळतो आणि त्याचे पाणलोट क्षेत्र ११६ चौरस मैलांचे आहे. याच खोऱ्यात न्यू स्ट्रेट्सव्हिल नावाचे गाव आहे, जिथे १८८४ च्या संपात जळत्या कोळशाच्या गाड्या खाणीत ढकलल्या गेल्या आणि जमिनीखालची ती आग शतक उलटले तरी धुमसत राहिली. रूरल अ‍ॅक्शन या लोकसंस्थेच्या आधाराने १९९४ मध्ये मंडे क्रीकच्या पुनरुज्जीवनाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात गावकरी, राज्याचा खनिज विभाग, वन खाते, विद्यापीठ अशा वीसेक घटकांनी एका टेबलाभोवती बसायची रीत पाडली. सुरुवातीच्या काळात बांधकाम जवळपास झालेच नाही. लोक ओढ्याच्या काठाने चालत गेले, खाणीची तोंडे शोधली, पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) मोजला, आणि बादली व घड्याळ घेऊन प्रवाह मोजला. कोणत्या झऱ्यातून किती आम्ल येते याचा ताळेबंद मांडल्यावर लक्षात आले की फार थोडी तोंडे बहुतेक नुकसान करतात. निधी मागायला गेलेल्या माणसाच्या हातात असा ताळेबंद असला की बोलणे वेगळ्या पातळीवर होते.

उपचाराच्या पद्धतींचा तपशील आपल्याला पुस्तकांत मिळेल, म्हणून मी फक्त त्यामागचा विचार सांगतो. आम्लाला चुनखडी उतारा आहे. पण उघड्यावर चुनखडीवरून लोहयुक्त पाणी सोडले तर दगडांवर लोहाचा थर चढतो आणि दगड आतून शाबूत असूनही निकामी होतो. म्हणून जिथे पाणी जमते तिथे हवा लागू न देता जमिनीत पुरलेल्या चुनखडीतून ते नेतात, किंवा तलावाच्या तळाशी चुनखडी आणि तिच्यावर कंपोस्टचा जाड थर घालतात. कंपोस्ट पाण्यातला प्राणवायू खाते आणि लोह विरघळलेल्या रूपातच चुनखडीतून पार होते. बाहेर पडल्यावर उघड्या तलावात ते निवांत साकळून तळाशी बसते. जिथे आम्ल फार आणि जागा थोडी, तिथे ओढ्याकाठी चुन्याचा उंच डबा उभारतात. वाहत्या पाण्याच्या जोरावर फिरणारे चाक त्यातून चुना थोडा थोडा सोडत राहते.

आता एक चूक सांगतो, कारण या विषयातले माझे बहुतेक शहाणपण तिच्यातून आले आहे. मी ज्या पहिल्या तलावाच्या आराखड्यात होतो, त्याचे पाण्याचे नमुने आम्ही जून ते ऑक्टोबर या काळात घेतले होते, कारण रस्ता तेव्हा कोरडा असायचा आणि मदतीला विद्यार्थी मिळायचे. वरच्या बाजूला एका खाणकामगाराची वृद्ध विधवा राहत असे. तिने आम्हाला सांगितले होते की मार्चमध्ये बर्फ वितळून वर पाऊस झाला की या तोंडातून पाणी उसळून बाहेर पडते आणि तिच्या कुंपणापर्यंत येते. आम्ही नम्रपणे ऐकले आणि आमच्या आकड्यांवर आराखडा केला. तलाव बांधून झाला, छायाचित्रे निघाली, आणि तिसऱ्या वसंतात पाणी खालून न जाता वरून वाहू लागले. तळातली झडप उघडून पाहिली तर पाइपमधून फाटलेल्या दुधासारखा पांढरा गाळ गोळ्यागोळ्यांनी आला. ते अ‍ॅल्युमिनियम होते. वसंतातल्या पुरात त्याचे प्रमाण आमच्या उन्हाळी नमुन्यांपेक्षा खूप जास्त असे, आणि हवा बंद ठेवून लोह रोखता येते तसे अ‍ॅल्युमिनियम रोखता येत नाही. आम्ल जरा कमी झाले की ते चुनखडीच्या फटींत बसतेच. वर्षातून ठरावीक वेळा झडपा उघडून तो गाळ धुऊन काढायला हवा होता, पण ते करायला कोणाची नेमणूकच नव्हती. मंजूर रक्कम बांधकामापुरती होती.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, अ‍ॅपलाचियात लोकांचा पुढाकार बांधकामाच्या दिवशीच्या श्रमदानापेक्षा त्यानंतरच्या राखणीत जोखावा. समतल चर काही वर्षांनी गाळाने भरला तरी दरम्यान झाडे उभी राहिलेली असतात आणि जमीन थोडीफार स्वतःला सावरते. खाणीतले पायराइट मात्र पिढ्यान्‌पिढ्या आम्ल सोडत राहते. तलाव सांभाळणारा माणूस गेला की ओढा एका मोसमात पुन्हा नारिंगी होऊ शकतो. मी पाहिलेले यशस्वी ओढे म्हणजे ज्यांच्या काठी डब्यात चुना आहे की नाही हे दर आठवड्याला पाहणारा कोणीतरी आहे. अनेक ठिकाणी हे काम एक-एक वर्षासाठी येणाऱ्या तरुण स्वयंसेवकांवर चालले. ती मुले-मुली मनापासून राबली, परंतु दर वर्षी ओढ्याची ओळख नव्याने करून द्यावी लागे आणि जाणाऱ्याबरोबर पुष्कळ माहिती निघून जाई.

वेस्ट व्हर्जिनियातल्या चीट नदीची हकिकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९९४ मध्ये प्रेस्टन काउंटीत एका बंद केलेल्या भूमिगत खाणीचे पाणी डोंगर फोडून मडी क्रीकमध्ये आले आणि तिथून चीट नदीत गेले. ही नदी तराफ्यांवरून खळाळत्या पाण्यात नेणाऱ्या व्यावसायिकांची रोजीरोटी होती, त्यामुळे नाविक, जमीनमालक आणि गावकरी एकत्र आले आणि फ्रेंड्स ऑफ द चीट ही संघटना उभी राहिली. पुढच्या वर्षी सरकारी खाती, कोळसा उद्योग आणि ही संघटना यांनी मिळून नदी सुधारण्याचा करार केला. त्यांनी लहान लहान उपचारकेंद्रे उभारली, पाण्याची नियमित तपासणी चालू ठेवली, दर वर्षी नदीचा उत्सव भरवून त्यातून पैसे उभे केले, आणि सुमारे चोवीस वर्षांनी, २०१८ मध्ये, राज्याने मडी क्रीकवर मोठे शुद्धीकरण केंद्र चालू केले. त्यातला मुद्दा बारकाईने समजून घ्यावा. नियमानुसार राज्यावर फक्त १९७७ च्या कायद्यानंतरच्या, कंपनीने जबाबदारी न पाळल्यामुळे अनामत जप्त झालेल्या खाणींचे पाणी विशिष्ट प्रमाणात शुद्ध करण्याची जबाबदारी होती, आणि ती काटेकोर पार पाडूनही ओढा मेलेलाच राहिला असता, कारण जुन्या बेवारस खाणींचे पाणी त्यात येतच राहणार होते. म्हणून प्रत्येक नळाच्या तोंडाशी हिशेब मागण्याऐवजी संपूर्ण ओढा जगतो की नाही हे पाहणारा परवाना मान्य करून घेण्यात आला, आणि नव्या-जुन्या खाणींचे पाणी एकत्र शुद्ध होऊ लागले. वर्षानुवर्षे साठवलेली लोकांची मोजमापे नसती तर हा युक्तिवाद कोणी ऐकून घेतला नसता, असे माझे मत आहे. आज मडी क्रीकच्या खालच्या भागात मासे परतले आहेत.

रोजगाराविषयी आपण थेट विचारले आहे, तेव्हा उत्तरही थेट देतो. स्वच्छ ओढा कोळशाची जागा घेत नाही. गेल्या शतकाच्या मध्यास वेस्ट व्हर्जिनियात सव्वा लाखाच्या घरात कोळसा कामगार होते, आज ते पंधरा हजारांच्या आसपास आहेत. मॅकडॉवेल काउंटीची लोकसंख्या १९५० मध्ये जवळजवळ ९९ हजार होती ती २०२० मध्ये १९ हजारांवर आली. होड्या भाड्याने देणारी चार दुकाने आणि सायकलींसाठी केलेला जुन्या रेल्वेमार्गाचा रस्ता ही पोकळी भरून काढतील असे जे अहवाल सांगतात ते लोकांची फसवणूक करतात, आणि मोसमी पर्यटनाचा पगार खाणीच्या पगाराच्या जवळपासही जात नाही. तरीही ओढ्याची राखण हेच काम पगारी झाले की गावात थोड्या पण टिकाऊ नोकऱ्या निर्माण होतात. पोकलेन चालवणारा, पाण्याचे नमुने घेणारी, झडपा धुणारा, झाडे लावणारा ही माणसे खाणीतली कौशल्ये घेऊनच येतात. वेस्ट व्हर्जिनियातील कोलफील्ड डेव्हलपमेंट या संस्थेने तरुणांसाठी आठवड्याची मांडणी ३३-६-३ अशी केली आहे: ३३ तास पगारी काम, स्थानिक महाविद्यालयात ६ श्रेयांकांचे शिक्षण, आणि ३ तास पैशांचे नियोजन किंवा घरगुती अडचणी यांवर मार्गदर्शन. व्यसनांच्या गोळ्यांनी पोखरलेल्या या प्रदेशात हे शेवटचे तीन तास किती मोलाचे आहेत, हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

राखणीचा खर्च ओढ्यातूनच निघावा, यासाठी चाललेला सर्वांत आशादायक प्रयत्न मंडे क्रीकच्या शेजारच्या संडे क्रीकवर आहे. तिथे ट्रूटाउन येथे एका जुन्या खाणीतून अखंड पाणी वाहते आणि दर वर्षी वीस लाख पौंडांहून अधिक लोहाचा गाळ ओढ्यात टाकते. सात मैलांचा ओढा त्यामुळे मेलेला आहे. ओहायो विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक गाय रीफलर आणि चित्रकार जॉन सब्रॉ यांनी या गाळापासून रंगद्रव्य बनवण्याची रीत बसवली, आणि रूरल अ‍ॅक्शनने ती व्यवसायाच्या रूपात पुढे नेली. पाण्यात हवा खेळवून लोह साकळू देतात, गाळ धुऊन वाळवतात, आणि भट्टीत किती तापवावे यावर पिवळा, तांबडा किंवा जांभळट रंग ठरतो. आपल्याकडे तुळशीवृंदावनाला आणि कुंड्यांना लावतात तो गेरू म्हणजे हेच लोहाचे ऑक्साइड, त्यामुळे आपल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. मी ते तांबडे चूर्ण प्रथम चिमटीत घेतले तेव्हा बराच वेळ बोललो नाही. बोटांवर राहिलेला तो रंग इतकी वर्षे माझ्या बुटांवर डाग पाडत आला होता. रंग विकून येणारे पैसे शुद्धीकरण चालवण्यासाठी वापरायचे, अशी ही योजना आहे. मात्र हा उपाय सगळीकडे चालणार नाही हे ध्यानात ठेवावे. लोह भरपूर आणि बऱ्यापैकी निर्भेळ असेल तिथेच तो परवडतो. अ‍ॅल्युमिनियमने भरलेल्या ओढ्याला त्याचा उपयोग नाही.

बाकी ठिकाणी सरकारी पैसाच लागतो, आणि तो मागतानाही लोकांना राखणीसाठीच झगडावे लागले. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने बेवारस कोळसा खाणींसाठी पंधरा वर्षांत सुमारे ११३० कोटी डॉलर मंजूर केले, परंतु त्यातला वाटा दीर्घकाळच्या शुद्धीकरणासाठी बाजूला ठेवण्याची मुभा राज्यांना नव्हती. म्हणजे तलाव बांधा, पण पुढे तो चालवायला पैसे साठवू नका, असा त्याचा अर्थ झाला. खोऱ्याखोऱ्यांतील संघटनांनी पाठपुरावा केला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांना या रकमेतील ३० टक्क्यांपर्यंत भाग अशा कामासाठी राखून ठेवता येऊ लागला. वर्तमानपत्रांत या दुरुस्तीची फारशी चर्चा झाली नाही. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतला हा लोकांचा सर्वांत मोठा विजय आहे.

दौऱ्याविषयी माझी सूचना अशी. शक्य असल्यास मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलमध्ये जावे. चिखल होईल, पण झरे भरात असतील आणि कोणता तलाव खरोखर पेलतो हे दिसेल. ऑक्टोबरात पानांचे रंग सुंदर असतात आणि सगळे तलाव यशस्वी वाटतात. यजमान आपल्याला नव्या प्रकल्पाकडे नेतील. आपण पंधरा-वीस वर्षे जुना प्रकल्प दाखवा असा आग्रह धरावा आणि त्याची देखभालीची वही मागावी. शेवटची नोंद कधीची आहे आणि ती कोणाच्या हातची आहे हे पाहावे. पेनसिल्व्हेनियातील व्हिंटनडेलला एक दिवस द्यावा, जिथे खाणीच्या पाण्याचे तलाव सार्वजनिक उद्यानाचाच भाग केले आहेत आणि तलावागणिक पाण्याचा रंग नारिंगीकडून निळसर हिरव्याकडे कसा सरकतो हे फिरायला आलेल्या कोणालाही उमगावे अशी रचना आहे. सामू मोजणारे एक साधे उपकरण स्वतःबरोबर ठेवावे, आणि प्रत्येक ओढ्यावर दगड उलटून पाहावा. परत आल्यावर आपल्या भागातल्या बंद खाणींजवळचे झरे आणि नाले त्याच उपकरणाने वर्षभर, दर महिन्याला, भर पावसाळ्यातही मोजायला सुरुवात करावी, आणि ज्यांची घरे त्या नाल्याच्या वरच्या अंगाला आहेत त्यांना विचारून मोजण्याच्या जागा ठरवाव्यात.